अनुभव धागा: ट्रेंट-सेव्हर्न जलमार्ग आणि कावार्था सरोवरांकाठची प्राचीन ठिकाणं

भारतातून आई-बाबा आले की नायगारा ठरलेला. टोरांटोच्या ईशान्येचं, या जलमार्गावरचं पीटरबरो राहून जातं. माहीतगारांनी कामाचं लिहा, 'छान आहे' एवढंच नको.

पीटरबरोहून: लिफ्ट लॉक (१९०४), म्हणजे बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारी यंत्रणा, काठावरून फुकट बघता येतो. पाण्याच्या दोन प्रचंड टाक्या तराजूच्या पारड्यांसारख्या चालतात. वरच्या टाकीत सुमारे ३० सेंटीमीटर पाणी जास्त घेतात. त्या भाराने ती खाली येते, दुसरी १९.८ मीटर वर जाते. बोट मोठी असो वा लहान, फरक पडत नाही, कारण ती आपल्या वजनाइतकं पाणी बाहेर सारते. बोट आल्याशिवाय काही हलत नाही, म्हणून शनिवार-रविवारची दुपार गाठा. हंगाम मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत.

बोट भाड्याने घेणाऱ्यांसाठी: लॉकमधून जायचं असेल तर धक्क्यावरच्या निळ्या रेषेपाशी थांबा, तीच खूण. साध्या लॉकमध्ये (दोन दरवाजांमधलं पाणी चढवून-उतरवून बोट वर-खाली नेणारा हौद) भिंतीवरच्या केबलला दोरी नुसती वळसा देऊन हातात धरा, गाठ मारू नका. पाणी उतरलं की गाठ मारलेली बोट तिरकी लटकते. आत इंजिन बंद.

पेट्रोग्लिफ्स पार्कबद्दल: इथले मूळनिवासी अनिशिनाबे लोक याला किनोमागेवापकाँग म्हणतात. पांढऱ्या संगमरवरी खडकावर कासवं, साप, नावा, माणसं अशी शेकडो चित्रं कोरलेली आहेत. दंव, पाऊस आणि शेवाळाने खडक झिजू लागला म्हणून १९८४ मध्ये वर काचेची इमारत उभी केली. रेषा काळ्या दिसतात तो मूळ रंग नव्हे. अभ्यासकांनी नोंदीसाठी त्या क्रेयॉनने भरल्या. आत फोटो आणि व्हिडिओ दोन्ही बंद, आणि ते योग्यच आहे: हे आजही पूजास्थान आहे. आधी माहिती केंद्र बघा, नाहीतर नुसत्या रेघोट्या वाटतात. मुक्कामाची सोय नाही. पार्कचे वार आणि वेळा निघण्यापूर्वी बघून घ्या.

वरच्यांना पुरवणी: जलमार्गाचं कौतुक करताना दुसरी बाजूही घ्या. बंधाऱ्यांनी पाणी चढलं आणि राइस लेकमधला जंगली भात, मनोमिन, मोठ्या प्रमाणात बुडाला. सरोवराला नावच त्यावरून आहे. तिथल्या सर्पाकार दफन-टेकाडांची जागा हियावाथा फर्स्ट नेशन या मूळनिवासी समुदायाची आहे; परस्पर आत शिरू नका, आधी त्यांना विचारा. मूळनिवासींची हस्तकला घ्यायची तर कर्व्ह लेक या त्यांच्या वस्तीतल्या वेटुंग केंद्रात. साळूच्या काट्यांचं भरतकाम केलेल्या बर्चसालीच्या डब्या बघण्यासारख्या असतात.