काळ्या रानावर विद्यापीठाची इमारत: आराखड्यात आधी काय तपासावे?

प्रश्न (मराठीचा मास्तर, टिळकवाडी):

सप्रेम नमस्कार. मी विद्यापीठात मराठी शिकवतो. बांधकामातले ओ की ठो कळत नसताना नव्या शैक्षणिक इमारतीच्या समितीवर माझी वर्णी लागली आहे. जागा सांबऱ्याच्या पलीकडे, बागलकोट रस्त्याच्या बाजूला असून आतापर्यंत तिथे जोंधळा आणि हरभरा होत असे. तळमजला आणि वर तीन मजले असा आराखडा आहे. मुख्य फाटकाकडचा, म्हणजे पश्चिमेचा, सगळा दर्शनी भाग काचेचा, उरलेल्या भिंतींना जांभ्याच्या पातळ चकत्या आणि प्रवेशदालनाच्या छताला बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जुन्या जैन मंदिराच्या छतावरील कमळाची प्रतिकृती, असे सल्लागारांनी सुचवले आहे. संगणकावरची चित्रे पाहून सगळे हरखून गेले आणि खरे सांगायचे तर मीही गेलो.

तरीही एक शंका मनातून जात नाही. सध्या मी ज्या इमारतीत शिकवतो ती अशाच काळ्या जमिनीवर आहे. तिच्या तळमजल्यावरची दारे दर पावसाळ्यात इतकी घट्ट बसतात की सुताराला बोलावून रंधा मारून घ्यावा लागतो. एप्रिलमध्ये तीच दारे सैल होतात आणि फरशीच्या भेगेत पाच रुपयांचे नाणे उभे राहते. नव्या इमारतीत हे होऊ नये म्हणून मी लेखी अभिप्रायात काय विचारावे? त्यासाठी पंधरा दिवस मिळाले आहेत.

उत्तर १ (निवृत्त शाखा अभियंता, हिंडलगा):

सर, काचेचे नंतर पाहू. दारांबद्दल आपण जे लिहिले आहे, तोच आपल्या अभिप्रायाचा पहिला मुद्दा करावा. काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज आपल्या थरांमध्ये पाणी ओढून घेते, त्यामुळे ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालते आणि त्याखालचा ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की इमारतीच्या जागेत मातीच्या तपासणीसाठी किती ठिकाणी बोअर घेतले आणि प्रत्येक ठिकाणी मुरूम किती खोलीवर लागला. दीड-दोन मीटरवर मुरूम असेल तर माती काढून पाया त्यावर टेकवणे सोपे पडते. तो खोल असेल तर पाइलशिवाय, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांशिवाय, गत्यंतर नाही. एकमजली, हलक्या बांधकामासाठी बुंध्याच्या अडीचपट व्यासाचा फुगीर तळ असलेले आखूड पाइल चालतात. चार थरांच्या इमारतीचा भार त्याहून बराच अधिक असल्याने तिथे सांगाड्याचे संकल्पन करणाऱ्या अभियंत्याने हिशेब दाखवला पाहिजे.

माती किती फुगते हे कळण्याची चाचणी आपल्यासमोर करून दाखवण्याइतकी साधी आहे. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम दोन काचेच्या मोजपात्रांत घेतात, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल ओततात व चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातील मातीची पातळी रॉकेलमधील पातळीच्या दीडपटीहून वर गेली, म्हणजे फुगवटा ५० टक्क्यांच्या पुढे गेला, तर ती माती पायासाठी धोक्याची समजावी. मातीच्या अहवालात हा आकडा नसेल तर अहवाल अपुरा आहे असे बेलाशक लिहावे.

आता दारांकडे येतो. कॉलम मुरुमावर ठाम उभे असले तरी तळमजल्याची फरशी आणि आतल्या भिंती मातीवरच टेकलेल्या असतील, तर फरशी उचलली जाते, भिंत हलते आणि चौकट तिरकी होते. आपल्या इमारतीत बहुधा हेच झाले असावे. यावर दोन गोष्टी कराव्यात. जोत्याच्या तुळया मातीवर न टेकवता त्यांच्याखाली वीतभर नाही, तरी चार बोटे पोकळी ठेवावी. फरशीखाली न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा, नीट दाबलेला थर द्यावा. ही थराची पद्धत आय.आय.टी. मुंबईचे डॉ. आर. के. कट्टी यांनी विकसित केली आणि तिच्यासाठी भारतीय मानकही आहे. नुसता मुरूम आणून ओतला की काम झाले, असे गुत्तेदार सांगेल. ते मान्य करू नये.

जाता जाता एवढेच की आय.एस. १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार बेळगाव भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येते आणि विमानतळ जवळ असल्याने उंचीचे ना-हरकत पत्र लागेल. भूकंपाचा हिशेब आणि हे पत्र, दोन्ही मागून घ्यावीत.

उत्तर २ (वास्तुविशारद, शहापूर):

पहिल्या उत्तरात जमिनीखालचे सांगितले आहे, मी वरचे सांगते. बेळगावात एप्रिलमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ४० अंशांवर असतो. दोन फुटी छज्जा अशा वेळी खिडकीचा वरचा जेमतेम ५० सेंटीमीटर भाग झाकतो आणि पुढच्या दीड तासात तेवढाही झाकत नाही. पश्चिमेला पूर्ण काच लावली तर दुपारच्या तासाला विद्यार्थी पडदे ओढून, दिवे आणि वातानुकूलन लावून बसतील, मग त्या काचेचा उपयोग बाहेरून पाहणाऱ्यालाच उरेल. त्याऐवजी पश्चिमेला आठ फूट रुंद पडवी घेतली तर त्याच वेळी सुमारे दोन मीटर उंचीपर्यंतची सावली मिळते आणि तास सुटल्यावर मुलांना उभे राहायला जागाही होते.

पावसाचा विचार ऊन्हाइतकाच करावा लागतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर झड येते ती पश्चिम-नैऋत्येकडून, आणि ती सरळ पडत नाही. त्यामुळे पडवीची फरशी बाहेरच्या बाजूला उतरती असावी, कडेला पन्हळ असावी आणि वर्गाचा उंबरठा पडवीपेक्षा थोडा उंच असावा. अपंगांसाठी मात्र ही उंची बारास एक या उताराने मोडून द्यावी. वरच्या मजल्यावर सभागृहाला पत्र्याचे छप्पर दाखवले असेल तर त्याखाली ध्वनिरोधक थर नक्की मागावा, नाहीतर जुलैत व्याख्याता बोलतो आहे एवढेच मागच्या रांगेला दिसेल.

हजार चौरस मीटर छपरावर १,२०० मिलीमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के हाती लागला, तर वर्षाला ९ लाख ६० हजार लिटर पाणी मिळते. राकसकोप आणि हिडकलच्या धरणांच्या भरवशावर राहणाऱ्या आपल्या भागात हे सोडून देण्यासारखे नाही. मात्र ते टाकीत साठवावे. पाणी मुरवण्याचा खड्डा भिंतीलगत घेतला, तर वरच्या उत्तरातील सगळी मेहनत आपणच फुकट घालवू.

कमळाबद्दल माझे मत थोडे कडक आहे. कमल बस्ती १२०४ मधील आहे आणि तिच्या मंडपात भर उन्हात गेले तरी गारवा वाटतो तो जाड दगडामुळे आणि आत पोचेपर्यंत उजेड मंद होत जातो म्हणून. बस्तीतून काही घ्यायचेच असेल तर कमळाऐवजी ते घ्यावे. पुण्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आयुका या खगोलविज्ञान संस्थेची इमारत बांधताना तिथल्याच काळ्या दगडाच्या भिंती उभ्या केल्या. ती पाहून यावी.

उत्तर ३ (खानापूरकर):

आमचा चिऱ्याचा धंदा आहे, म्हणून जांभ्यापुरते लिहितो. खाणीतून निघताना चिरा मऊ असतो, हवेवर राहिला की कठीण होतो. म्हणून तो आदल्या हंगामात काढून रचून ठेवलेला असावा. मानकानुसार त्याची दाबशक्ती किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर असावी आणि त्याने १२ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू नये. दोन इंची चकत्या सिमेंटने चिकटवल्या की त्यांच्यामागे पाणी शिरते आणि झडीच्या बाजूला दोन पावसाळ्यांत काळे शेवाळ धरते. खर्चच करायचा तर पडवीच्या कठड्याला अखंड चिरा वापरा आणि त्यावर छपराची वळचण पुढे काढा. हे मी माझा माल कमी खपेल हे माहीत असूनही सांगतो आहे.

प्रश्नकर्ता:

सर्वांचे मनापासून आभार. पडवीमुळे क्षेत्रफळ वाढून खर्च वाढेल, असे सल्लागार म्हणाले. तेव्हा काचेच्या दर्शनी भागाचा आणि त्यामुळे लागणाऱ्या वातानुकूलनाचा खर्च शेजारी मांडून द्यावा, अशी विनंती मी केली आहे.

काल मातीचा अहवाल हातात आला. बोअर तीन आहेत, पण तिन्ही फाटकाजवळ, जिथे जुन्या वाटेचा भराव आहे. इमारतीच्या आखणीत एकही नाही आणि फुगवट्याचा रकाना कोरा आहे. पावसाआधी आखणीच्या आत नवे बोअर घ्यावेत, असे पत्र आज सकाळी समितीच्या सचिवांकडे दिले आहे. कमळाविषयी त्यात काहीच लिहिलेले नाही.