ओपनफोम (प्रवाह सोडवणारा प्रोग्राम, म्हणजे सॉल्व्हर) आणि कॅल्क्युलिक्स (घन भागांचं वाकणं आणि ताण काढणारा सॉल्व्हर) थेट जोडावेत की फाइलवर भागवावं?

प्रवाही: पाण्यात हलणाऱ्या लवचीक पात्याचं विश्लेषण करताना अजून बरेच जण सीएफडीतला (संगणकावरच्या प्रवाह-गणितातला) दाब सीएसव्ही फाइलमध्ये काढतात, स्ट्रक्चरल मॉडेलवर लावतात आणि विस्थापन पाहून थांबतात. पातं वाकल्यावर प्रवाह बदलतो, तो परिणाम यात येतच नाही. माझ्या मते दोन्ही सॉल्व्हर वेगळ्या नोडवर (क्लस्टरमधल्या संगणकांवर) एकाच वेळी चालवावेत आणि मध्ये प्रीसाइस ही सॉल्व्हर जोडणारी लायब्ररी ठेवावी. दर टाइम स्टेपला बलं इकडून, विस्थापनं तिकडून टीसीपीने नेटवर्कवरून जातात.

साचेकार: सरसकट पटत नाही. पोलादी ब्रॅकेटवर वाऱ्याचा भार असेल तर विस्थापन इतकं किरकोळ असतं की प्रवाहाला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे एकतर्फी फाइल पुरते. थेट जोडणीत एक सॉल्व्हर कोसळला की दुसराही अडकतो. सिरीयल कपलिंगमध्ये (सॉल्व्हर आळीपाळीने चालतात तेव्हा) एकाचे कोअर चालू असताना दुसऱ्याचे नुसते थांबून राहतात, आणि व्यावसायिक सॉफ्टवेअर असेल तर लायसन्सही अडकून पडतं.

प्रवाही: ब्रॅकेटबद्दल मान्य. पण पाणी १००० किलो प्रति घनमीटर आणि रबर साधारण ११००. घनता इतक्या जवळ असल्या की पाण्याचं जोडवस्तुमान (पात्यासोबत हलवावं लागणारं पाणी) पात्याच्या वस्तुमानाच्या तोडीचं होतं आणि एक्स्प्लिसिट कपलिंग (स्टेपला एकदाच देवाणघेवाण) अस्थिर होऊन फुटतं. टाइम स्टेप लहान केला तर असंपीड्य (घनता न बदलणाऱ्या) प्रवाहात ते आणखी बिघडतं. तिथे इम्प्लिसिट कपलिंगच लागतं, म्हणजे एकाच स्टेपमध्ये अनेक फेऱ्या, आणि त्या लवकर जुळवायला क्वासी-न्यूटनसारखी पद्धत. हे सीएसव्हीने हाताने कोण करणार?

एककवाला: दोघांच्याही पद्धतीत घोळ एककांत होतो. कॅल्क्युलिक्सला एककं कळत नाहीत. मिमी-टन-सेकंदात पोलादाची घनता ७.८५×१०⁻⁹, ओपनफोमच्या एसआयमध्ये ७८५०. एक जाळी मिमीत आणि दुसरी मीटरमध्ये राहिली तरी निअरेस्ट-नेबर मॅपिंग (एका जाळीचा बिंदू दुसरीच्या सर्वांत जवळच्या बिंदूला जोडणं) मुकाट्याने चुकीचे बिंदू जोडतं. सीएसव्हीवाल्यांनी हेही बघावं: ओपनफोमच्या बहुतेक असंपीड्य सॉल्व्हरमधला दाब घनतेने भागलेला असतो. १००० ने गुणायचं राहिलं तर पाण्याचा भार हजारपट कमी पडतो. मॅपिंगमध्ये बलांना कन्झर्व्हेटिव्ह (बेरीज कायम राहते), विस्थापनांना कन्सिस्टंट (किंमत तीच राहते). उलट केलंत तर एकूण बलच जुळत नाही.

एककवाला (पुढे): दोन नोडवर जोडणी होत नसेल तर आधी प्रीसाइसच्या सेटिंगमधलं सॉकेटचं नेटवर्क पाहा. मुळात ते लूपबॅकवर (संगणकाच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीवर) असतं, तिथे ‘आयबी०’ किंवा ‘इथ०’ असं खऱ्या नेटवर्क कार्डाचं नाव लिहावं लागतं. एक्स्चेंज डिरेक्टरी (जोडणीचे पत्ते ठेवायचा फोल्डर) दोन्ही नोडना दिसणारी हवी.

साचेकार: माझा मुख्य आक्षेप राहिलाच. इम्प्लिसिट फेरीसाठी सॉल्व्हरला स्थिती साठवून मागे जाता आलं पाहिजे. संपर्क किंवा प्लॅस्टिसिटीचा (कायमच्या विकृतीचा) इतिहास पूर्ण साठवला गेला नाही, तर दुसरी फेरी वेगळ्याच अवस्थेतून सुरू होते. २०१४ च्या एफएमआय २.० या सिम्युलेशन मॉडेलं जोडण्याच्या मानकामध्येही ही सोय ऐच्छिकच आहे. बंद कोडचा सॉल्व्हर ती देत नसेल, तर कितीही नोड जोडले तरी मजबूत कपलिंग होणार नाही.