वाघ्याच्या नाकातून रक्त येतंय, गोचिडाचा ताप म्हणाले. यातून कुत्रा वाचतो का?

जागलीवाली_वणी

नमस्कार. आमचं गाव वणी तालुक्यात, वर्धा नदीच्या बाजूला. वाघ्या गावठी कुत्रा आहे, चार वर्षांचा, धान्याच्या काट्यावर १८ किलो भरला. रात्री बाबांसोबत जागलीला जातो. रानडुकरं किंवा रोही (नीलगायी) तुरीत शिरले की आधी त्यालाच कळतं.

मागच्या आठवड्यापासून भाकरीला तोंड लावत नाही. अंग तापलेलं, हिरड्या पांढुरक्या, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके. कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीडच गोचीड. मग नाकातून रक्त आलं. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, गोचिडाचा ताप म्हणाले, ताप उतरलाही. पण काल पुन्हा रक्त, आणि थांबता थांबेना.

शेजारचे म्हणतात, "घोळणा फुटला, उष्णता झाली, कांदा हुंगवा." काका म्हणतात, "कुत्र्यापायी पैसा घालू नोका, दुसरं पिल्लू आणू." बाबा काही बोलत नाहीत. पण पहाटे शेतातून आले की चपला काढायच्या आधी त्याच्या अंगाला हात लावून पाहतात.

घरात मांजर व्यालेली आहे, पिल्लं अजून डोळे उघडलेली नाहीत. तिला हा ताप लागेल का? आणि वाघ्याला आपली तापाची गोळी दिली तर चालते का, असं आई विचारते आहे.

कास्तकार_हिंगणघाट

ताई, गोठ्यात ढोरांवर मारतो ते गोचिडाचं औषध चोळा. आमच्याकडे सगळे तेच करतात, गोचीड गळून पडतात.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक

बाई, आधी आईला सांग, तापाची गोळी नाही म्हणजे नाही. वाघ्याला नाही आणि मांजरीला तर कधीच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण तिच्या यकृताला ती पचवून बाहेर टाकता येत नाही. रक्त तपकिरी पडतं आणि श्वास कोंडतो. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या गोळ्या कुत्र्यालाही घातक, आणि ज्याच्या नाकातून रक्त वाहतंय त्याला तर जास्तच.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेली, दारव्हा-दिग्रसकडे. मी डॉक्टर नाही, औषध लिहून देणं माझं काम नाही. पण असे कुत्रे टेबलावर धरून ठेवायला मीच असायचो, म्हणून डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगतो.

तू लिहिलंस त्यावरून हा एहर्लिकियाचा आजार वाटतो. गोचीड चावतो तेव्हा त्याच्या लाळेतून जंतू आत जातो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींत घर करतो. मग प्लेटलेट घटतात. निरोगी कुत्र्याच्या एका मायक्रोलीटर रक्तात त्या साधारण २ ते ५ लाख असतात. त्या फार खाली गेल्या की रक्त गोठत नाही, म्हणून नाकातून येतं, म्हणून ते ठिपके. कांद्यानं यात काही होत नाही. खायला तर घालूच नका, कांदा कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो आणि वाघ्याच्या हिरड्या आधीच पांढऱ्या आहेत.

पहिलं काम रक्त तपासणं. जांभळ्या झाकणाच्या बाटलीत रक्त घेतात. शिवाय कानाच्या टोकाचा एक थेंब काचेवर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांग. माणसांच्या लॅबमधलं यंत्र माणसांच्या पेशींच्या मापानं लावलेलं असतं, कुत्र्याच्या प्लेटलेटचा आकडा ते चुकवू शकतं. काचेवर बबेसिया नावाचा दुसरा जंतूही दिसू शकतो. तोही गोचिडातूनच येतो, पण लाल पेशी फोडतो, लघवी चहासारखी काळपट होते, आणि त्याचं औषध वेगळं. एकाच कुत्र्यात दोन्ही निघणं नवल नाही. म्हणून नुसतं "गोचिडाचा ताप" एवढ्यावर थांबू नोको, कोणता ते विचार.

एहर्लिकियावर डॉक्सीसायक्लीन देतात. नेहमीचं प्रमाण वजनाच्या दर किलोला रोज १० मिलीग्रॅम, म्हणजे वाघ्याला दिवसाला १८०, आणि ते २८ दिवस. हा आकडा भिंतीवर लिहून ठेव. ताप एक-दोन दिवसांत उतरतो, कुत्रा खायला लागतो, शेपटी हलवतो, आणि इथंच घरोघरी गोळी बंद होते. जंतू तसाच प्लीहेत दडून राहतो. वरून कापलेल्या कुंद्याच्या तणाचं शेतात काय होतं, मुळातून ते कसं पुन्हा फुटतं, ते तुझ्या बाबांना मी सांगायला नको. महिन्यांनी, कधी वर्षांनी तो उठतो तेव्हा हाडातल्या मज्जेत रक्त तयार होणंच थांबलेलं असतं. तशा कुत्र्याला वाचवणं फार कठीण. ताज्या आजारातले बहुतेक वाचतात. वाघ्या आज वाचवता येण्याजोगा आहे, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही.

गोळी कोरडी घशात टाकू नोका, अन्ननलिकेला जखम होते. भाकरीच्या तुकड्यात देजा आणि वरून पाणी पाजजा. दुधातून नको, औषध नीट लागत नाही.

हिमोग्लोबिन ५ च्या आसपास उतरलं असेल तर गावात वेळ घालवू नका. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या. कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्याचं रक्त देता येतं. पहिल्या वेळी गट जुळला नाही तरी सहसा मोठी रिॲक्शन येत नाही. दाता मात्र मोठा, २५ किलोच्या वरचा आणि निरोगी हवा. मांजराचं तसं नाही, तिथं गट तपासल्याशिवाय रक्त देतच नाहीत.

हिंगणघाटच्या भाऊंना हात जोडून सांगतो, ढोरांचं औषध अंदाजानं चोळू नका. किती पातळ करायचं ते डॉक्टरांना विचारा. हा तपकिरी गोचीड कुत्र्याच्या अंगावर थोडा वेळ असतो आणि भिंतीच्या भेगांत जास्त. एक मादी हजारो अंडी घालते. वाघ्या झोपतो तिथल्या भेगा शेणामातीनं लिंपून बुजवा, त्याचं पोतं जाळून टाका. अंगावरचे गोचीड चिमट्यानं काढा, बोटांत चिरडू नका.

मांजरवाली_वर्धा

ताई, मांजरीपुरतं मी सांगते. हा ताप मांजरांना क्वचितच होतो, त्याची काळजी करू नका. पण कुत्र्याला लावायच्या गोचिडाच्या औषधात परमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असेल तर ते मांजराला विष आहे. आमच्या गल्लीत एकीनं कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब मांजरीला टाकले होते. रात्रभर थरथरत, झटके देत होती ती. वाघ्याला औषध लावलं की वाळेपर्यंत मांजरीला जवळ येऊ देऊ नका. तुमची तर पाजते आहे, तिनं अंग चाटलं की पिल्लांपर्यंत जाईल. फवारणीआधी पिल्लांची टोपली दुसऱ्या खोलीत हलवा.

जागलीवाली_वणी

काका, ताई, तुमचे उपकार. बाबांनी मोटारसायकलवर त्याला पोत्यात गुंडाळून मांडीशी धरलं, भावानं गाडी चालवली. प्लेटलेट ३८ हजार, हिमोग्लोबिन ८.२. काचेवर बबेसिया दिसला नाही. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लीन चालू केलं, २८ दिवसच लिहिलंय. आता ताप नाही, नाकही कोरडं आहे, आज अर्धी भाकर खाल्ली. घरचे काका लगेच म्हणाले, "झाला बरा, आता कायले गोळ्या?" पण बाबांनी गोळ्यांची पट्टी स्वतःच्या खिशात ठेवलीय.

एक विचारायचं होतं. संध्याकाळी बाबा बॅटरी घेऊन निघाले की वाघ्या उठून दाराशी जातो. न्यायचं का त्याला शेतात?

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक

नाही, आत्ता नाही. ३८ हजारावर रानडुकराचा एक सुळा लागला तर रक्त थांबणार नाही. साखळीनं घरी बांधा, पोरांशी मस्ती नको, हाड चघळायला नको. दोनेक आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासा. तोवर प्लेटलेट चढायला हव्यात. नाही चढल्या तर दुसरं काही आहे असं समजून डॉक्टरांना शोधायला लावा. आकडा लाखाच्या वर गेला की शेताचं त्यांनाच विचारा. चढल्या तरी पट्टी बाबांच्या खिशातच राहू दे, २८ दिवस पुरे होईपर्यंत.

आणि रक्त काढायला नेशील तेव्हा मानेच्या शिरेतून काढू देऊ नोको, पुढच्या पायातून घ्यायला सांग. सुई निघाली की तू स्वतः त्या जागी पाच मिनिटं बोट दाबून धर, मध्ये उचलून पाहू नोको.