कांजिण्या होऊन गेल्यात म्हणूनच लस

"लहानपणी कांजिण्या झाल्यात, मग नागिणीची लस कशाला?" असं एकांनी विचारलंय. अहो, उलट आहे! तोच विषाणू मज्जातंतूंत दबा धरून बसतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती घटली की नागीण होऊन उठतो. नौपाड्यातल्या आमच्या मावशीचे फोड सुकले, पण कमरेची आग कित्येक महिने गेली नाही. परकराची नाडीसुद्धा सोसवेना. शेजारणी गेरू लावा म्हणत होत्या (फोडांचा कमरेभोवती विळखा पूर्ण झाला की माणूस जातो, हेही ऐकवून झालं!). गेरूत वेळ घालवू नका, पुरळ उठल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांकडून विषाणूरोधक गोळ्या सुरू व्हायला हव्यात. नागिणीची शिंग्रिक्स लस भारतात २०२३ पासून मिळते. पन्नाशीनंतर दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. महाग आहे, टोचल्यावर दंडही ठणकतो. नागीण होऊन गेलेल्यांनीही डॉक्टरांना विचारून घ्यावी.