कपाचा कान की मूठ?

गिरगावकर: एका संग्रहातल्या जुन्या कपबश्यांच्या माहितीपत्रकाचं मराठी करतोय. 'कान सांधलेला, काठाचा टवका उडालेला' असं लिहिलं होतं. संपादकांनी 'कान' खोडून 'मूठ' केलं, शिवाय 'कप'ऐवजी 'चषक' सुचवलं. 'कान' छापण्यासारखा नाही का?

सायनची सून: मूठ तलवारीची, छत्रीची. कपाला कानच! आमच्याकडे कान तुटलेला कप सासरे दाढीच्या पाण्याला घ्यायचे.

मृण्मयी: चषक तर मुळात मद्याचा, आता विश्वचषकात बसलाय. पण 'पेला' का नको? फारसी 'पियाला' आपण कधीचाच घरचा केलाय.

गिरगावकर: पेला म्हटलं की पाणी प्यायचा स्टीलचा उभा पेला दिसतो. नाजूक गुलाबाची नक्षी नाही दिसत.

चहाबाज: चीनमधल्या जुन्या चहापात्रांना कान नसायचेच, त्या वाट्याच. कान लावलेले कप युरोपात १८व्या शतकात रूढ झाले. बोन चायना त्याच शतकाच्या अखेरीची: मातीत जवळजवळ निम्मी हाडांची राख. असा कप उजेडासमोर धरा, पलीकडच्या बोटांची सावली दिसते. त्या पातळ काठाला ओठ लागला की चहाची चवच वेगळी लागते.

मृण्मयी: बोन चायनाला 'अस्थिमृत्तिका' म्हणावं.

सायनची सून: अहो, अस्थी म्हटल्यावर त्या कपातून चहा कोण पिईल?

मृण्मयी: सवयीचा प्रश्न आहे. 'महापौर', 'दिनांक' हेही रुळलेच ना?

चहाबाज: कचेरीत रुळले, स्वयंपाकघरात नाही. आणि शुद्धच हवं तर 'चहा' हा शब्दही चीनला परत करा. 'बशी' मला पोर्तुगीज 'बासिया'वरून आलेली वाटते. कोकणातून वर सरकली असेल.

मृण्मयी: आधार द्या. नुसत्या उच्चारावरून व्युत्पत्ती ठरत नाही.

सायनची सून: बशी कुठूनही येवो, पण खोल हवी. हल्लीच्या सपाट बशांत चहा ओतला की सांडतो, फुरका मारायची सोयच नाही. इंग्रजांच्याही १८व्या शतकातल्या बशा खोलगट होत्या, तेही ओतून पीत.

चहाबाज: चोरबाजारात मटन स्ट्रीटला तशी एक खोल बशी मिळाली, निळ्या वेलीची. कप नव्हता. जोडी फुटलेल्या बशीला काय म्हणता तुमच्याकडे?

सायनची सून: एकांडी.

मृण्मयी: आमच्याकडे 'सुटी'.

गिरगावकर: पत्रक उद्या छापायला जातंय. कान ठेवू ना?