डेरीब्रायनचा दंड

युरोपियन संघाचं न्यायालय नुसते ताशेरे ओढतं, सदस्य देश ढिम्म हलत नाहीत, असं म्हटलं जातं. अर्धं खरं आहे. आयर्लंडमधलं डेरीब्रायन बघा. गॉलवे परगण्यात डोंगरावर ७० पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या, पण सदस्य देशांना बंधनकारक असलेल्या १९८५ च्या युरोपियन निर्देशानुसार करायचं पर्यावरण परिणाम मूल्यांकन धड झालंच नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये काम चालू असतानाच पाण्याने फुगलेली पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची) दलदल उतारावरून सुटली आणि चिखल थेट नदीत. हजारो मासे मेले. (आणि हे सगळं 'हरित' विजेसाठी!)

२००८ मध्ये न्यायालयाने आयर्लंडला दोषी ठरवलं. त्यानंतर तब्बल अकरा वर्षं चालढकल. प्रकल्प चालवणारी कंपनी सरकारी वीजमंडळाच्याच मालकीची, तरी सरकार म्हणे आमचा तिच्यावर ताबा नाही! नोव्हेंबर २०१९ मध्ये मात्र न्यायालयाने दंड ठोठावला: ५० लाख युरो एकरकमी, वर पूर्तता होईपर्यंत दररोज १५ हजार युरो. आकडा दीड कोटीच्या वर गेला. शेवटी २०२२ मध्ये मागाहून मागितलेली परवानगीही नाकारली गेली आणि चालू प्रकल्प बंद करावा लागला.

म्हणजे न्यायालयाला दात आहेत, पण चावायला फार वेळ लागतो. आणि दंड भरला तो तिथल्या करदात्यांनी.