ब्रह्मदेवाचा दिवस आणि पृथ्वीचं वय

मोठे काका: (फॉरवर्डेड) ब्रह्मदेवाचा एक दिवस = ४३२ कोटी वर्षं. शास्त्रज्ञांनी काढलेलं पृथ्वीचं वय = ४५४ कोटी वर्षं. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं! अभिमान असेल तर पुढे पाठवा 🙏🙏

धाकटे काका: जबरदस्त!

वहिनी: 🙏

मी: काका, आकडे जवळ आहेत खरे. पण त्याच गणिताचा पुढचा भाग मेसेजमधून गाळलाय. ४३२ कोटी ही अख्ख्या दिवसाची लांबी झाली, आणि तो दिवस अजून मावळलेला नाही. परंपरेच्याच हिशोबाने सुरुवातीपासून आजवर १९७ कोटी वर्षं लोटलीत. शब्दशः घ्यायचं तर पृथ्वीचं वय तेवढंच धरायला हवं. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसननी १९५६ मध्ये उल्कांमधल्या शिशावरून ४५५ कोटी काढलं. १९७ त्याच्या निम्मंही भरत नाही.

धाकटे काका: अगं, ते प्रतीकात्मक घ्यायचं असतं.

मी: घेऊ की. पण मग ४३२ पण प्रतीकच. जुळलं की गणित आणि नाही जुळलं की रूपक, असं दोन्हीकडून कसं चालेल?

दादा: 😂

मोठे काका: तुम्हा पोरांना ग्रंथ म्हटला की थोतांडच वाटतं.

मी: थोतांड कोण म्हणतंय? उलट माझी तक्रार अशी आहे की हे मेसेज लिहिणारे आपल्या आचार्यांएवढंही काटेकोर वाचत नाहीत. गीतेच्या १८व्या अध्यायातल्या ६६व्या श्लोकावरचं शंकराचार्यांचं भाष्य बघा. अग्नी थंड आहे, त्याला प्रकाश नाही, असं शंभर श्रुतींनी (वेदवचनांनी) सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही, असं ते सरळ म्हणतात. आणि श्रुतीत तसं वाक्य आलंच तर तिला दुसरं काही सांगायचं असणार असं मानून अर्थ लावावा, असंही. तेव्हा दुर्बिणीसुद्धा नव्हत्या, म्हणजे हा नियम काही विज्ञानाच्या धाकाने केलेला नाही. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी तर ‘यूप हाच आदित्य’ अशा वाक्यांसाठी अर्थवाद (स्तुतीपर, शब्दशः न घ्यायचं वाक्य) म्हणून वेगळा कप्पाच केला होता. यज्ञातला खांब म्हणजे खरोखरचा सूर्य, असं त्यांच्यापैकी कोणी धरून बसलं नाही.

दादा: मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रश्दही १२व्या शतकात तेच म्हणतो. तर्काने सिद्ध झालेलं आणि वचनाचा वरवरचा अर्थ यांचा मेळ बसला नाही, तर वचनाचा अर्थ नव्याने लावायचा. आणि दुसऱ्या टोकाला आर्चबिशप अशर. बायबलमधल्या वंशावळ्यांच्या आधारे हिशोब करून त्याने १६५० मध्ये जाहीर केलं, सृष्टी इसवी सनपूर्व ४००४ मध्ये निर्माण झाली.

आत्या: मला एक सांगा, रूपक कुठलं आणि सरळ अर्थ कुठला, हे ठरवणार कोण? उद्या जे पटत नाही ते सगळं रूपक म्हणून मोकळे व्हाल.

मी: आत्या, हा मात्र खरा प्रश्न आहे. माझं म्हणणं एवढंच, की नियम आधी ठरवायचा आणि तो गैरसोयीच्या ठिकाणीही पाळायचा. शंकराचार्यांचा नियम असा, की डोळ्यांना दिसतं आणि अनुमानाने कळतं त्या बाबतीत श्रुतीला विचारायला जायचंच नाही. तिचं प्रामाण्य त्यापलीकडच्या गोष्टींत.

आत्या: म्हणजे जे तपासता येतं तिथे ग्रंथ गप्प, आणि जे तपासता येत नाही तिथे त्याचा शब्द अखेरचा. बरी सोय आहे!

दादा: आत्या 🔥

मी: सोय आहेच. तरी ४३२ कोटीवाल्या मेसेजपेक्षा प्रामाणिक सोय आहे.

दादा: शब्दशः वाचणारे नेहमी कर्मठच असतात असंही नाही हं. लोकमान्य टिळकांनी ऋग्वेदातली लांबलेली उषा हे आकाशाचं खरंखुरं वर्णन धरलं. अनेक दिवस चालणारी पहाट फक्त ध्रुवाजवळच दिसते, म्हणून १९०३ मध्ये त्यांनी आर्यांचं मूळ घर आर्क्टिकमध्ये नेऊन ठेवलं! अभ्यासकांना ते पटलं नाही, पण माणूस आपल्या नियमाला चिकटून राहिला.

वहिनी: पण जुळलं म्हणून आनंद झाला तर बिघडलं कुठे?

मी: वहिनी, ज्या विज्ञानावर टेकू दिला ते उद्या बदललं तर? भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू, आणि विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ मध्ये गणिताने मांडलं. १९५१ मध्ये पोप बारावे पायस विश्वाच्या आरंभाचं नवं विज्ञान सृष्टिनिर्मितीच्या बाजूने साक्ष देतंय अशा थाटात बोलले, तेव्हा नाराज कोण झालं? लमेत्रच. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, हीच त्यांची भूमिका.

धाकटे काका: ते राहू दे. १९७ कुठून आले ते सांग आधी.

मी: ब्रह्मदेवाच्या दिवसाचे १४ भाग म्हणजे मन्वंतरं. त्यातली सहा संपलीत, प्रत्येकी ७१ महायुगं, आणि चार युगांचं एक महायुग ४३ लाख २० हजार वर्षांचं: १८४.०३ कोटी. सात संधी, म्हणजे मन्वंतरांमधले जोडकाळ: १.२१ कोटी. चालू मन्वंतरातली २७ महायुगं: ११.६६ कोटी. अठ्ठाविसाव्यातली कृत, त्रेता, द्वापर: ०.३९ कोटी. कलीची पाचेक हजार वर्षं किरकोळ. एकूण १९७.२९.

मोठे काका: सूर्यसिद्धांत हा जुना ज्योतिषग्रंथ घेतलास तर १९५ च येतील. ब्रह्मदेवाला सृष्टी घडवायलाच १ कोटी ७० लाख ६४ हजार वर्षं लागली, ती तिथे वजा करतात.

दादा: काका, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं??

मोठे काका: हो.

धाकटे काका: मग तो मेसेज पुढे पाठवायचा की नाही?

मोठे काका: मी कधीच सगळीकडे टाकलाय. आता त्याखाली हे गणित टाकतो, बसू देत डोकं खाजवत.